कोल्हापूरच्या ओतकामावर कोल्हापूरचं नाव का नसतं?

शिरोलीकर (विभाग: उद्योग-व्यवसाय)

आमचं शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप आहे. ओतकाम, म्हणजे वितळलेलं लोखंड साच्यात ओतून केलेले भाग, शेजारच्या फाउंड्रीतून येतं, आम्ही टर्निंग, बोअरिंग, ड्रिलिंग करून पुण्याला पाठवतो. वडिलांनी उद्यमनगरात एका लेथवर सुरुवात केली होती. आता सीएनसी-व्हीएमसी (संगणकावर चालणारी मशीनं) मिळून बऱ्यापैकी पसारा आहे. ट्रॅक्टर, ट्रक, कॉम्प्रेसर, जे येईल ते करतो. पण आजवर आमच्या गेटातून बाहेर पडलेल्या एकाही नगावर आमचं नाव नाही.

मुलगी मेकॅनिकल करून यंदा घरी आली. आल्या आल्या विचारलंन, "बाबा, आपण विकतो काय?" मी म्हटलं, मशीन केलेली कास्टिंगं. ती म्हणाली, "छे, आपण तास विकतो. स्पिंडलचे तास, मशीन जेवढं फिरतं तेवढे." तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही.

धंद्याबाहेरच्यांसाठी हिशेब सांगतो. ड्रॉइंग गिऱ्हाइकाचं. पॅटर्नही (ज्यावरून साचा पाडतात तो नमुना) त्याच्याच मालकीचा, फाउंड्रीने फक्त सांभाळायचा. ओतकाम किलोवर, मशीनिंग नगावर, आणि नगाचा दर सायकल टाइम, म्हणजे एका नगाला मशीनवर लागणारा वेळ, मोजून. पिग आयर्न (ओतकामाचं कच्चं लोखंड) महागलं तर दरवाढ पुढच्या तिमाहीत, स्वस्त झालं तर कपात मागच्या तारखेपासून. दरवर्षी 'कॉस्ट डाउन'चं पत्र येतं ते वेगळंच. त्यांच्या लाइनवर बोअरमध्ये एखादं ब्लो होल (ओतताना आत राहिलेली हवेची पोकळी) उघडं पडलं की ओतकाम, मशीनिंग, वाहतूक, वर लाइन थांबल्याचे पैसे, सगळं जोडून आमच्या बिलातून कापायची डेबिट नोट. आणि कास्टिंगच्या दर्शनी बाजूला कंपनीचा लोगो. तो लोगो साच्यात स्वच्छ उठावा म्हणून काळजी घेणारी पोरं मात्र इथलीच.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, हातकणंगले धरून आपल्याकडे लहानमोठ्या तीनएकशे फाउंड्र्या असतील. तासा-दीड तासावर किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणरावांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर केला. लोखंड लागलं की जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळे नांगर खपायला दोन वर्षं गेली. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर कारखाना उभा केला. कराडशेजारी ओगलेवाडीला काच आणि प्रभाकर कंदील, सातारा रोडला कूपर. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी या पट्ट्यात माणसं स्वतःच्या नावाने माल विकत होती, आणि आज आम्ही त्यांच्यापेक्षा कितीतरी चांगल्या मशीनवर दुसऱ्याचा माल करतोय.

मुलीचं म्हणणं, स्वतःचा सबमर्सिबल पंप काढू. पंपाचं ओतकाम आम्ही केलंय, अवघड नाही. मग कोईमतूरला पंपाचे डझनभर ब्रँड झाले आणि कोल्हापूरला का नाही? जाणकारांनी सांगावं. धाग्याचं काश्मीर करू नये, विषयाला धरून बोलावं ही विनंती.

चरकवाला

शिरोलीकर, उद्यमनगराचं नाव काढलंसा म्हणून लिहायलोय. कोल्हापूरला ब्रँड नव्हते असं कोण म्हणतंय? आमच्या लहानपणी उसाच्या चरकावर उद्यमनगरातल्या मेस्त्र्यांची नावं ओतलेली असायची. गुऱ्हाळवाला नाव बघून चरक घ्यायचा. ऑईल इंजिनाचे सुटे भागही असेच. एखादं इंजिन बंद पडलं की शेतकरी बैलगाडीत घालून आणायचा, मेस्त्री खोलून बघायचा, जो भाग झिजलाय तो लाकडाचा पॅटर्न करून ओतायचा. कसलं ड्रॉइंग न् कसलं काय. झिजलेला भाग हेच ड्रॉइंग.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड यायचं बंद झालं तेव्हा शाहू महाराजांनी संस्थानच्या जुन्या तोफा किर्लोस्करांना नांगरासाठी दिल्या असं सांगतात. तोफा वितळवून नांगर केलेला मुलूख हाय ह्यो, भावा.

मग साठच्या दशकात पुण्याला गाड्यांचे, इंजिनांचे कारखाने आले. त्यांना ओतकाम पायजे होतं, आणि आपल्याकडं भट्ट्या तयार होत्या. बारमाही काम, महिन्याला बिल. उन्हातान्हात शेतकऱ्याच्या दारात कोण उधारी मागत फिरंल? सगळे तिकडं वळले. वाईट काय केलं नाही, पोरं शिकली, बंगले झाले. पण चरकावरचं नाव गेलं ते तिथंच.

ताळेबंद

वाचतेय. लेख आवडला. सीए म्हणून एवढंच विचारते: पंप काढायला भांडवल किती लागेल याचा अंदाज काढलाय का? मशिनरीचं भांडवल नाही म्हणत, ते तुमच्याकडे आहे. खेळतं भांडवल. सविस्तर रात्री लिहिते.

सत्यशोधक_९९

एवढा खल कशाला? चीनवरून मोटार मागवा, इथे स्टिकर लावा, 'स्वदेशी' म्हणून विका. निम्मा देश तेच करतोय. आणि आपले 'महान' ब्रँड तरी काय होते? चेतकला लोक दहा-दहा वर्षं नंबर लावून बसायचे ते प्रेमाने नव्हे, दुसरं काही मिळत नव्हतं म्हणून. टंचाई म्हणजेच ब्रँड.

स्टुटगार्टकर

@सत्यशोधक, चेतकबद्दल अर्धं बरोबर. १९७१ ला इटलीवाल्यांशी करार संपला, ७२ पासून चेतक नाव, आणि परवाना राज असल्याने रांगा. पण तीच कंपनी टंचाई संपल्यावर मेली का? २००१ ला पल्सर आली तेव्हा बाजारात जपानी कंपन्यांशी गाठ होती आणि मागणीपेक्षा गाड्या जास्त होत्या. तरी टिकली, कारण तोवर गाडीचं डिझाइन स्वतःचं करायला शिकले होते. चेतक पुढे बंद झाली, काही वर्षांनी त्याच नावाने बॅटरीवर परत आली. टंचाईने नाव कमावता येतं, पण टंचाई संपल्यावर ते राखायचं तर दुसरं काहीतरी लागतं.

शिरोलीकर, मला तुमचा प्रश्नच थोडा तिरका वाटतो. मी इथे गाड्यांच्या पुरवठादाराकडे काम करतो. आमच्या कंपनीचं नाव दुकानात कुठेही दिसत नाही. पण जो भाग आम्ही देतो त्याचं ड्रॉइंग आमचं असतं. गाडीवाला फक्त सांगतो, एवढा दाब, एवढं तापमान, एवढी वर्षं टिकायला हवं. बाकी सगळं आम्ही ठरवतो. मग 'कॉस्ट डाउन'चं पत्र आलं तरी आम्ही आतली एक पायरी काढून खर्च वाचवू शकतो आणि त्यातला वाटा स्वतःकडे ठेवू शकतो. तुम्ही दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर काम करता, त्यामुळे खर्च वाचवायचा एकच मार्ग उरतो, स्वतःचा नफा कापायचा.

ज्याचं ड्रॉइंग त्याचा माल. लोगो कुणाचा का असेना. पुण्याची भारत फोर्ज बघा. १९६१ ची कंपनी, दुकानात तिचं काही मिळत नाही, पण २००४ च्या सुमारास तिने जर्मनीतली फोर्जिंग कंपनीच विकत घेतली. ब्रँडच्या मागे लागण्याआधी एक तरी भाग असा आहे का, ज्याचं डिझाइन तुमचं आहे?

शिरोलीकर

@स्टुटगार्टकर, खरं सांगायचं तर नाही. फिक्स्चर, म्हणजे मशीनवर नग धरून ठेवायच्या पकडी, तेवढे आमचे. एका हाउसिंगसाठी असं फिक्स्चर केलं की तीन सेटिंगचं काम एका सेटिंगमध्ये होतं. गिऱ्हाइकाच्या माणसाने येऊन फोटो काढले आणि पुढच्या वर्षीच्या दरात त्याची कपात केली.

पीळमेडूचा_पाहुणा

नोकरीनिमित्त कोईमतूरला बरीच वर्षं आहे, म्हणून तुलना करू शकतो.

इथला भाग पश्चिम घाटाच्या पर्जन्यछायेतला. नदीचा आधार कमी, विहिरी खोल, माती कापसाची. १९३२ च्या सुमारास निलगिरीतल्या पायकाराची वीज इथे आली. आधी गिरण्या त्या विजेवर चालल्या, मग गिरण्यांच्या दुरुस्तीतून वर्कशॉपं निघाली, आणि त्याच वर्कशॉपवाल्यांच्या घरच्या शेतात विहिरीतलं पाणी खाली चाललेलं. मोटार-पंप हा त्यांचा स्वतःचा प्रश्न होता. १९३७ साली बालसुंदरम नायडूंनी इथे विजेची मोटार बनवली, देशातल्या पहिल्यांपैकी. म्हणजे गिऱ्हाईक, कारखानदार आणि शेतकरी एकाच घरात बसलेले. कोल्हापूरला पंचगंगा आहे. तुमचं पाणी नदीवरून उपसा करून येतं, इथलं बोअरमधून ओढावं लागतं. गरज कुठे होती, बघा.

दुसरं म्हणजे इथल्या पंपवाल्यांनी एकत्र येऊन चाचणीची प्रयोगशाळा उभी केली, सिटार्क नावाची. लहान कारखानदार आपला पंप तिथे नेतो, किती फुटांवर किती पाणी, किती वीज खातो, याचा आलेख हातात घेऊन बाहेर पडतो. एकट्या-दुकट्याला असला टेस्ट बेड परवडत नाही. एकमेकांचे कट्टर स्पर्धक, पण प्रयोगशाळेच्या बाबतीत एक. आपल्याकडे हे होईल? (उत्तर अपेक्षित नाही.)

टेक्समो, सीआरआय, सुगुणा ही नावं इथूनच देशभर गेली. त्यांच्या मागे अशी असंख्य वर्कशॉपं आहेत जी तुमच्यासारखीच दुसऱ्यासाठी काम करतात, हेही सांगायला हवं. कोईमतूर म्हणजे सगळे मालक असं नाही.

वाटणघाटण

पंपातलं कळत नाही, पण मिक्सरमधलं कळतं म्हणून लिहिते.

सुमीत आठवतोय का कुणाला? १९६३, मुंबई. सत्यप्रकाश माथुर नावाचे इंजिनीअर, घरातला जर्मन मिक्सर आपल्या वाटणापुढे जळाला आणि दुरुस्ती मिळेना. त्यावर त्यांनी मिक्सर असा बांधला की उडदाची डाळ, सुकं खोबरं, हळकुंड, काहीही घाला. परदेशी मिक्सर मिल्कशेकसाठी होता, त्याने ओलं-सुकं वाटण करावं ही अपेक्षाच नव्हती. माझ्या आईचा सुमीत अजून चालतो, आवाज मात्र विमानतळाचा.

ही मला खरी 'इनोव्हेशन' वाटते. नवीन काही शोधलं नाही, आपल्या स्वयंपाकघरात त्या यंत्राचे काय हाल होतात ते बघितलं.

पण पुढे काय झालं तेही बघा. मद्रासकडच्या कंपन्या आल्या, सुमीत मागे पडला. त्यातली प्रीती २०११ ला फिलिप्सने घेतली. त्याच वर्षी आपल्या दांडेकरांच्या कॅमलिनचा मोठा हिस्सा जपानच्या कोकुयोने घेतला. औरंगाबादची निर्लेप, जिच्या तव्यावर आमच्या पिढीने बिनतेलाचे डोसे शिकले, ती २०१८ ला बजाज इलेक्ट्रिकल्सकडे गेली. नाव राहतं, घर बदलतं. तुमची मुलगी पंप काढेल, तीस वर्षांनी कुणी विकत घेईल. त्यात वाईट वाटून घ्यावं की हेच यश समजावं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

जतचा_वायंडर

नमस्कार. मी मोटरी भरतो, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी वायर घालतो. जत तालुका. वरचं सगळं वाचलं. पंप काढणार असाल तर मोटर जळते कशी ते आधी बघा.

आमच्याकडं लाइन रात्री येते. डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) जेवढ्या मोटरी हव्यात त्याच्या दुप्पट. ४१५ व्होल्ट पाहिजे तिथं तीनशेच्या आसपास मिळतंय. व्होल्टेज पडलं की मोटरचा जोर पडतो, करंट वाढतो. प्रत्येकानं ऑटो स्टार्टर बसवलाय, लाइन आली की सगळ्या मोटरी एकदम उठायला बघतात आणि एकमेकीला उठू देत नाहीत. हूं हूं करत बसते अन् वायर गरम होते.

बोअरमधनं काढून दुकानात आणली की आधी आतलं पाणी ओततो. पाणी काळं आलं की समजायचं वायंडिंग गेलं. पाणी चांगलं पण गढूळ आलं तर सील गेलंय, वाळू शिरली, बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) खाल्ले. खालचं थ्रस्ट बेअरिंग, ज्यावर फिरणाऱ्या रोटरचा भार असतो ते, काढून बोट फिरवतो. कार्बन गुळगुळीत पाहिजे, चरे पडलेले असले तर रोटर खाली बसून घासायला लागला. निम्म्या मोटरी वायंडिंगच्या आधी बुश न् थ्रस्टनं मरतात, वायंडिंग नंतर जळतं. लोक मात्र वायरला शिव्या देतात.

आपली मोटर पाण्यानं भरलेली असते, म्हणून ती मला भरता येते. प्लॅस्टिकचं कवच असलेली वायर, स्लॉट बंद. एक पोरगं या बाजूला, एक त्या बाजूला, एकेक फेरा हातानं ओढायचा. दिवसभराचं काम. बाहेर देशातली मोटर एकदा बघितली होती. वायंडिंग स्टीलच्या डब्यात डांबून रेझिननं बंद. टिकंल चांगली, पण गेली तर गेली. माझ्या दुकानात तिचं काहीच होत नाही. शेतकरी तसली घेत नाही. जी तालुक्यात उघडता येते तीच घेतो. गिऱ्हाईक दुकानदाराला विचारायच्या आधी मला विचारतं, कुठली घेऊ. मी ज्याचे सुटे भाग मिळतात तिचं नाव सांगतो.

कंपन्या जाहिरात भिंतीवर करतात. माझ्याकडं येत नाहीत.

स्टुटगार्टकर

@जतचा_वायंडर, दंडवत. इथे आम्ही 'टिकाऊपणा' म्हणजे न उघडता किती वर्षं चालेल ते मोजतो. तुम्ही सांगताय तो दुसराच निकष: कुठे उघडता येईल, किती लवकर, कुणाला. पाण्याने भरलेली, हाताने परत भरता येणारी मोटर ही भारतीय पंपवाल्यांची मोठीच निवड आहे, आणि तिचं श्रेय कुठल्याही जाहिरातीत दिसत नाही.

सत्यशोधक_९९

मान्य. शब्द मागे. (फक्त या धाग्यापुरते.)

ताळेबंद

काल राहिलं ते.

आज तुम्ही जॉबवर्क करता तेव्हा धोका दोनच: रिजेक्शन आणि उशिरा पैसे. उशिरा पैशांवर कायदा तुमच्या बाजूने आहे. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यात लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५, आणि उशिरा दिले तर बँक रेटच्या तिप्पट व्याज. प्रत्यक्षात व्याज मागितलं की पुढची ऑर्डर मिळत नाही, त्यामुळे कुणी मागत नाही. म्हणून २०२३-२४ पासून आयकरात ४३बी(एच) हे कलम आणलं: सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजावट म्हणून मिळत नाही. मार्चमध्ये माझ्या बऱ्याच अशिलांना अचानक चेक आले! काही मोठ्यांनी मात्र नोंदणी नसलेल्याकडून माल घ्यायला सुरुवात केली, तोही अनुभव आहे.

आता स्वतःचा पंप. पंप खपतो जानेवारी ते मे. म्हणजे ऑक्टोबरपासून माल करून ठेवायचा. तांब्याची वायर, स्टॅम्पिंग, स्टेनलेस पाइप रोखीने किंवा थोड्या उधारीवर. डीलर घेणार उधारीवर, पाऊस लवकर आला तर परत करणार. वॉरंटीत जळलेल्या मोटरी परत येणार, त्यातल्या किती व्होल्टेजने गेल्या आणि किती तुमच्या चुकीने, यावर डीलरशी भांडण. शिवाय आयएसआय खूण हवी, सबमर्सिबल पंपसेटला आयएस ८०३४, मोटरला आयएस ९२८३. चाचणी, परवाना, तपासणी. आणि या सगळ्यात तुमच्या मशीनचे तास पंपात अडकले की पुण्याचं काम मागे पडणार.

घाबरवत नाहीये. पण 'ओतकाम अवघड नाही' हे वाक्य मला घाबरवतं. पंपाच्या धंद्यात ओतकाम हा सर्वात सोपा भाग आहे.

कोरडवाहू

जालना जिल्हा. आमचा अनुभव जोडतो. पंपाचा बाजारच आता बदलला आहे. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत आम्ही दहा टक्के भरले, (अनुसूचित जाती-जमातीला पाच), बाकी सरकार. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५, त्यावर साडेसात. पंप कुणाचा घ्यायचा तर यादीतल्या पुरवठादारांमधून निवडायचा. मी निवडला तो नावावरून नाही, शेजाऱ्याकडे त्यांचा माणूस लवकर आला होता म्हणून.

दिवसा पाणी मिळतं ही फार मोठी गोष्ट आहे, रात्री साप-विंचवात जावं लागत नाही. पण कंट्रोलर (पॅनेलची वीज पंपाला पुरवणारा डबा) बंद पडला आणि ऐन गव्हाच्या पाळीला पंप उभा. कंपनीचं नाव घेत नाही. गावचा वायंडर दारात उभा होता, पण कंट्रोलर उघडला तर वॉरंटी जाते. त्याने नुसतं बघितलं आणि निघून गेला. जतच्या दादांनी म्हटलंय ना, तालुक्यात उघडता येते तीच घेतो. हा डबा तालुक्यात उघडत नाही.

पंपवाल्यांनो, मोटर-पंप तुम्ही कितीही चांगला करा, भरवसा आता त्या डब्यावर आहे.

शिरोलीकर_धाकटी

बाबांनी माझं म्हणणं अर्धंच लिहिलंय, म्हणून खातं काढलं.

मी 'पंपाचा ब्रँड काढू' असं म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं की आपण एक तरी वस्तू अशी करू जिच्यात काय बदलायचं ते आपण ठरवू. उदाहरण मी पंख्याचं दिलं होतं. आयआयटी मुंबईच्या दोघांनी २०१२ ला अ‍ॅटमबर्ग सुरू केली. पंख्याच्या धंद्यात जुनी मोठी नावं बसलेली, ७५ वॅटचा पंखा हे जणू ठरलेलंच. त्यांनी बीएलडीसी मोटर (चुंबक आणि इलेक्ट्रॉनिक्सवर चालणारी, कमी वीज खाणारी) घालून तो २८ वॅटवर आणला, रिमोट दिला, आणि आता चाकणला त्यांचा कारखाना आहे. पंख्याचं पातं तेच, बदलली ती मोटर आणि तिचा मेंदू. पुण्याच्या ओस्तवालांचं 'नॅनो गणेश'ही तसंच: पंप तोच, स्टार्टर मोबाइलवरून चालू-बंद होतो. रात्री शेतात जायचं ते काम त्यांनी नीट बघितलं.

याची दुसरी बाजू मला माहीत आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ खनिजांच्या चुंबकांवर निर्बंध आणले आणि आपल्याकडच्या ई-वाहनवाल्यांची धावपळ झाली. आपलं ड्रॉइंग असलं तरी चुंबक आपलं नाही. पण मग त्यावर उपाय शोधणंही ज्याचं ड्रॉइंग आहे त्यालाच जमतं, जॉबवर्कवाला नुसता ऑर्डर थांबल्याची ईमेल वाचतो.

वायंडर काकांची पोस्ट मी कितीदा वाचली. काका, बुश आणि थ्रस्ट तुम्ही आत्ता कुठून घेता? एकाच मापाचे मिळतात की प्रत्येक कंपनीचं वेगळं?

जतचा_वायंडर

पोरी, प्रत्येकाचं वेगळं. कंपनीचा भाग मागवला तर आठवडा जातो, तोवर पीक थांबत नाही. मग बाजारातला लोकल बसवतो. लोकल बुशमध्ये धातू कुठला ते देवाला माहीत. काहींत शिसं एवढं की नखानं चरा पडतो. माप पण नीट नसतं. शाफ्टवर घालून हलवून बघितलं की कळतं, घट्ट आहे का ढिला. ढिला असला तरी बसवतो, करणार काय. सहा महिन्यांत तीच मोटर परत. गिऱ्हाईक मला बोलतं, बुशवाल्याला कोण ओळखतंय.

व्ही-६ ला (सहा इंची बोअरच्या मोटरीत) आमच्या भागात तीन-चार कंपन्यांच्याच मोटरी जास्त. त्यांची मापं मी देऊ शकतो, झिजलेले नग ठेवलेत पोतंभर.

चरकवाला

झिजलेला भाग हेच ड्रॉइंग. मी वर काय सांगितलं होतं?

स्टुटगार्टकर

नुसती नक्कल करू नका. ते पोतं म्हणजे चाचणीचा अहवाल आहे. कुठल्या बाजूने झीज जास्त, चरे उभे की आडवे, वाळू कुठून शिरली, सगळं त्यात दिसेल. वाळू अडवणारी कड बदलता येते का, खाच कुठे द्यावी, हे त्यावरून ठरवा. मूळ कंपनीच्या भागापेक्षा जास्त टिकला तर ते डिझाइन तुमचं. फक्त कुणाचा पेटंट किंवा ट्रेडमार्क आड येतो का ते आधी बघा, खोक्यावर त्या कंपनीचं नाव नको, 'अमुक मोटरला चालेल' एवढंच.

पीळमेडूचा_पाहुणा

इथल्या कित्येक पंपवाल्यांची सुरुवात दुरुस्ती आणि सुट्या भागांतूनच झाली आहे. चाचणीसाठी नग इकडे पाठवायचे असतील तर चौकशी करून सांगतो.

ताळेबंद

हे माझ्या कागदावर बसतं. बुश-थ्रस्टचा सेट म्हणजे लहान खोकं, हंगामाआधी कोटीचा माल अडकत नाही, वायंडर बहुधा रोखीने घेतो. एक नियम मात्र घालून घ्या: पहिल्या वर्षी पुण्याच्या कामाच्या तासांना हात लावायचा नाही, हे फक्त तिसऱ्या पाळीत.

शिरोलीकर

सर्वांचे आभार. तिसरी पाळी सध्या रिकामीच असते, त्यामुळे ताळेबंद ताईंचा नियम पाळता येईल. बुशसाठी गनमेटल (तांब्याचा मिश्रधातू) उद्यमनगरातून ओतून घेऊ, पण भट्टीच्या प्रत्येक हीटचा धातू स्पेक्ट्रोवर (धातूत काय किती ते दाखवणारं यंत्र) तपासल्याशिवाय मशीनवर चढवायचा नाही असं धाकटीने आत्ताच बजावलंय. कार्बनचे पॅड विकत आणावे लागतील. खोक्यावर नाव काय घालायचं यावर घरात एकमत नाही. आजोबांचं नाव घालावं असं आईचं म्हणणं, धाकटीला ते जुनाट वाटतं.

@जतचा_वायंडर, पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं येतो पोतं बघायला. दुकान किती वाजता उघडतं?

जतचा_वायंडर

सकाळी आठला. मंगळवारी नको, बाजार असतो. आणि येताना व्हर्नियर आणा, माझा घसरतो. पहिले दहा सेट मी फुकट बसवून बघणार, त्याचं बिल नाही. टिकले तर पुढचे रोखीनं घेतो, आणि तासगाव, कवठेमहांकाळच्या वायंडरांना पण सांगतो. नाही टिकले तर इथंच लिहीन.